मेंदीचं अर्धं कुंपण

एका राज्यात कात्रीला सिंहासन होतं. चंदनाचं सिंहासन, त्यावर मखमल, आणि मखमलीवर ती कात्री वर्षानुवर्षं झोपलेली असे. राजघराण्यात मूल जन्मलं की बारशाच्या सकाळी ती जागी व्हायची. म्हणजे खरोखरच जागी व्हायची, आळस द्यायची, दोन्ही पाती उघडायची. मग मुलाच्या बापाने ती हातात घ्यायची आणि राजबागेभोवतीचं मेंदीचं कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः कापायचं. कुंपण जितकं सरळ तितकं लेकराचं नशीब सरळ, अशी त्या घराण्याची समजूत होती. आणि दंडक असा, की एकदा उघडलेली कात्री कुंपण संपेपर्यंत मिटायची नाही. अर्धं कापलेलं कुंपण म्हणजे महाअशुभ. हे कोणी ठरवलं? ज्याने ठरवलं तो कधीच मरून गेला, आणि मागे राहिलेल्यांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. राज्यं अशीच चालतात.

त्या राज्यात पक्षी बोलत. त्याचं कोणाला नवल नव्हतं. प्रत्येक पक्ष्याला जन्मात एक शाप देता येई, तोही खरा होई. बहुतेक पक्षी तो न वापरताच मरत, कारण पक्ष्यांना शाप देत बसण्यापेक्षा पुष्कळ महत्त्वाची कामं असतात.

तर वैशाख होता. राजा शौर्यकेतू आणि राणी सुभगा यांना नवसासायासाने मुलगी झाली होती आणि आज तिचं बारसं होतं. राणी सज्जात बसली होती, मांडीवर लेक, डोक्याला बाळंतिणीचा रुमाल घट्ट बांधलेला. खाली बागेत राजा कुंपण कापत होता. कापण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बागेच्या मधोमध त्याने मेंदीचाच एक हत्ती घडवला होता, सोंड वर केलेला, आणि परदेशचे राजे तो बघायला मुद्दाम येत. आज मात्र तो घामाघूम होऊन एकेक फांदी नजरेने मोजून कापत होता, कारण आजचं कापणं लेकीच्या नशिबाचं होतं. राणीला ते पाहून कौतुक वाटलं. ते कौतुक फार वेळ टिकलं नाही.

कुंपणाच्या मध्यावर एक बुलबुलीण राजाच्या पागोट्याभोवती घिरट्या घालू लागली. काळी शेंडी ताठ उभी, शेपटीखालचा लाल ठिपका पिसाऱ्यात पेटल्यासारखा.

"राजा, थांब," ती म्हणाली. "इथे माझं घर आहे."

"थांबता येत नाही," राजा म्हणाला. "कात्री उघडली आहे."

"आत पिल्लं आहेत."

"मला दुःख होतं आहे," राजा म्हणाला, आणि पुढची फांदी कापली.

राणीने ते वरून ऐकलं आणि तिला आपल्या कानांवर विश्वास बसेना. दुःख होतं आहे म्हणे! आणि हात चालूच! ती सज्जाच्या कठड्यावरून वाकून ओरडली, "महाराज, थांबा! कुंपणात घरटं आहे, दिसत नाही का?"

राजाने वर पाहिलं. चेहरा अगदी केविलवाणा. "देवी, कुंपण अर्धं सोडलं तर आपल्या लेकीचं काय होईल?" एवढं बोलून त्याने कात्री दाबली, आणि जी डहाळी घरट्याला धरून होती तीच खाली आली. घरटं मातीत उपडं पडलं. तीन पिल्लं बाहेर सांडली, अंगावर पीस नाही, डोळे नुकते उघडू लागलेले, आणि वर वैशाखाचं ऊन. तेव्हा कुठे राजाच्या हातून कात्री गळाली. त्याने घाबऱ्या घाबऱ्या पिल्लं उचलून घरट्यात घातली आणि घरटं हातात धरून तो नुसता उभा राहिला. पुढे काय करायचं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

बुलबुलीण भिंतीवर जाऊन बसली आणि तिने आपला जन्माचा एकुलता एक शाप उच्चारला.

"ज्या हाताने माझ्या पिल्लांवरची सावली काढली, त्याच्या लेकरावर सावली पडणार नाही. मी पुन्हा माझ्या घरट्यात माझ्या पिल्लांवर बसत नाही, तोवर पडणार नाही."

तिने तसं म्हणताच सज्जाचं छत डबीच्या झाकणासारखं उघडलं आणि मागे कलंडलं. ऊन सरळ राणीच्या मांडीवर आलं. राणीने लेकीवर पदर ओढला. पदर आपोआप बाजूला सरला. तिने दोन्ही हातांची ओंजळ लेकीच्या तोंडावर धरली. हातांची सावली फरशीवर पडली, बाळाच्या अंगावर पडली नाही. राणी तिच्यावर पूर्ण ओणवी झाली, पाठीवर ऊन घेतलं, तरी खाली लेकीच्या मिटल्या पापण्यांवर ऊन होतंच, जणू मध्ये आई नव्हतीच. लेक रडायला लागली.

राणी तिला घेऊन आत धावली. दालनाचं छत उडालं. शेजारच्या दालनाचंही उडालं. तळघरात गेली, तर तळघराच्या दगडी कमानी दुभंगल्या आणि मधून उन्हाचा पट्टा नेमका बाळावर उतरला. देवघराने तेवढी दया करावी, तर त्याचाही कळस सरकला. बागेतल्या जुन्या वडाखाली गेली तर वडाने फांद्या आवरून घेतल्या. रखमा दाई मागून ओले पंचे घेऊन धावत होती, पण पंचा बाळाच्या अंगावर टिकेना, लगेच खाली घसरे. राणी पाणी शिंपडत राहिली, ते क्षणात सुकत राहिलं.

"राणीसाहेब, ओठ सुकलेत हो लेकराचे," दाई म्हणाली. "संध्याकाळपर्यंत असं चाललं तर मला काही खरं दिसत नाही."

राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक कोणाची, शिक्षा कोणाला! तिच्या लेकीने कोणाचं काय बिघडवलं होतं? तिने भिंतीवरच्या बुलबुलिणीकडे पाहिलं आणि संतापाने विचारलं, "माझ्या पोरीचा काय अपराध?"

बुलबुलिणीने मान वळवली. "माझ्या पोरांचा काय होता?"

तिचा राग होता तेवढाच राहिला, फक्त पक्ष्यावरून उठला आणि कुठे जाऊन बसावं हे शोधू लागला. त्याला जागा लवकरच मिळाली.

कारण तेवढ्यात राजमांत्रिक मायादत्त आला. त्याची पालखी भोयांशिवाय हवेतून चालत आली. दाढी पालखीबाहेर लोंबत होती. राजाच्या हातातल्या घरट्याकडे त्याने दुरूनच बोट दाखवलं.

"पिल्लांना मनुष्याचा हात लागला?"

"लागला," राजा म्हणाला. "मातीत पडली होती, मी उचलली."

"मग ती बाटली. आई त्यांना आता जवळ करणार नाही. ती घरट्यात बसणार नाही आणि तिच्या मार्गाने शाप सुटणार नाही. तीन उपाय सांगतो, ते करा. आणि कापलेल्या फांद्या आधी जाळा, त्या अशुभ आहेत."

फांद्या जाळल्या. धूर झाला. बुलबुलीण त्या धुरातून दोनदा कुंपणापर्यंत आली आणि परत गेली. कोणी पाहिलं नाही, सगळे मांत्रिकाचं ऐकत होते.

पहिला उपाय असा, की शंभर फण्यांच्या नागाच्या गुहेतला सोन्याचा पिंजरा आणायचा आणि पिल्लांना त्यात ठेवायचं. राजाने पंख असलेला घोडा मागवला, गुहेत गेला, नागाचे फणे एकामागून एक तोडले, दंडावर एक दंश सोसला, दंश जडीबुटीने उतरवला, आणि पिंजरा घेऊन आला. हे सगळं करून यायला त्याला फारसा वेळ लागला नाही, तो शूर होताच. राणी ते बघून दात ओठ खात राहिली. शंभर फण्यांच्या नागाशी लढायला हा माणूस क्षणात तयार! आणि मेंदीच्या झुडपाशी दोन पावलं मागे सरायला सांगितलं तर अंगात बळ नाही! पिल्लं घरट्यासकट पिंजऱ्यात ठेवली. सोनं उन्हात तापलं. पिल्लं धापा टाकू लागली. बाळाच्या अंगावरचं ऊन तसूभर हललं नाही.

दुसरा उपाय, क्षीरसागराच्या बेटावर चरणाऱ्या पांढऱ्या गाईचं दूध पिल्लांना पाजायचं. राजा पुन्हा घोड्यावर बसला. गाय राक्षसाच्या दावणीला होती, राक्षसाला हरवलं, दूध आणलं. मायादत्ताने ते रत्नांच्या पळीतून पिल्लांच्या चोचीत ओतलं. पिल्लांनी ते बाहेर टाकलं. एकाच्या नाकात गेलं, ते ठसकलं, बाकीच्यांच्या मानेची कातडी दुधाने चिकट झाली आणि तिच्यावर मुंग्या चढल्या. मांत्रिक म्हणाला, "दिव्य अन्नाची सवय नाही, होईल." बुलबुलाचं पोर किडे खातं, अळ्या खातं, हे त्या दरबारात कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण राजमांत्रिकासमोर अळीचं नाव कोण काढणार?

तिसरा उपाय मात्र मायादत्ताने स्वतः केला आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. त्याने मंत्र म्हणून सोन्याची एक बुलबुलीण घडवली. डोळे माणकांचे, शेंडी काळ्या अकीकाची. "खरी आई गेली तर गेली," तो म्हणाला. "ही तिच्याहून सरस आहे. ती पिल्लांवर बसेल आणि शाप सुटेल." सोन्याची बुलबुलीण पिंजऱ्यात शिरली, घरट्याच्या काठावर बसली. पंखांचा आवाज ऐकून पिल्लांनी माना वर केल्या. उरलेलं सगळं बळ एकवटून तिन्ही चोची वासल्या. आई आली, असंच त्यांना वाटलं असणार.

सोन्याच्या बुलबुलिणीने चोच उघडली आणि ती राजाची बिरुदावली गाऊ लागली.

पिल्लं चोची वासून तशीच थरथरत राहिली. ती गात राहिली. दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. कोणी तरी वाहवा म्हणालं.

राणीच्याने राहवेना. उराशी रडून रडून आवाज बसलेली लेक, समोर आवाज न निघणारी ती तीन पोरं, आणि मध्ये सोन्याचं गाणं! ती बागेत उतरली, पिंजऱ्याचं दार उघडलं, सोन्याच्या बुलबुलिणीची मान धरली आणि तिला हौदात फेकून दिली. ती बुडताना शेवटचं बिरुद म्हणाली.

"राणीसाहेब!" मायादत्त ओरडला. "शास्त्र आहे ते!"

"गप्प बसा," राणी म्हणाली. "सकाळपासून तुम्ही सांगता की आई गेली. तिकडे बघा."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. बुलबुलीण तिथेच होती. चोचीत एक हिरवी अळी होती. ती भिंतीवरून उडाली, कुंपणाच्या कापलेल्या जागेपर्यंत आली, रिकाम्या फांदीवर बसली, इकडे तिकडे पाहिलं, माणसं पाहून पुन्हा भिंतीवर गेली. अळी चोचीतच होती. शेजारी तिचा नर, त्याच्याही चोचीत काहीतरी. सकाळपासून ती दोघं हेच करत होती.

"टाकून गेलेली आई अशी असते?" राणी म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की मायादत्ताची पालखी हातभर खाली आली. "आणि हात लागला म्हणून पोर बाटतं? माझ्या लेकीला पहिला हात या रखमा दाईचा लागला. मग मी टाकली का तिला? उकिरड्यावर ठेवली का? तुमच्या आईने टाकलं होतं का तुम्हाला? तिने घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवलंत, तिला कोणी विचारलं का? राज्यातले पक्षी बोलतात, तरी एकाने विचारलं नाही!"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. दरबारी आपापल्या पायांकडे बघू लागले. राजाचे डोळे भरून आले, पण राणीला त्याच्या डोळ्यांकडे बघायला वेळ नव्हता. ती भिंतीपाशी गेली.

"बाई," ती म्हणाली, "मी काय करू ते सांग."

बुलबुलिणीने अळी पायाखाली धरली, कारण त्याशिवाय तिला बोलता येत नव्हतं.

"तीन गोष्टी कर. ठेव. झाक. जा."

"एवढंच?"

"एवढंच. आधी विचारलं असतंस तर सकाळीच झालं असतं."

राणीने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं.

पहिली गोष्ट, ठेव. लेकीला रखमा दाईच्या हातांत देऊन राणीने पिंजऱ्यातून घरटं उचललं. पिल्लांच्या मानेवरच्या मुंग्या एकेक करून काढल्या, दूध ओल्या बोटाने हलकेच पुसलं. मग ती कुंपणापाशी गुडघ्यांवर बसली आणि घरटं कुठे होतं ते शोधलं. मेंदीला काटे असतात, ते तिच्या मनगटात रुतले. आत, खोडाच्या दुबेळक्यात, गवताच्या काड्या अजून अडकलेल्या होत्या. तिथेच. हातभर इकडे नाही, हातभर तिकडे नाही. डहाळीचा आधार गेला होता म्हणून तिने आपल्या पातळाच्या काठाची पट्टी फाडली आणि घरट्याला खालून झोळी करून खोडाला बांधली. राजा मागे उभा होता.

"देवी, घरटं फार लहान आहे, आपण रत्नजडित—"

"नको," राणी म्हणाली.

दुसरी गोष्ट, झाक. घरट्यावर उघडं आभाळ होतं आणि झाकायला कापलेल्या फांद्या उरल्या नव्हत्या, त्यांची मांत्रिकाने राख केली होती. राजाने धावत जाऊन आपलं राजछत्र आणलं. मोत्यांच्या झालरीचं, सोन्याच्या दांड्याचं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने ते घरट्यावर धरलं. मोती वाऱ्याने खुळखुळले आणि पिल्लं घाबरून घरट्यात चपटी झाली.

"छत्र नको," भिंतीवरून बुलबुलीण म्हणाली. "पान हवं."

राणीने बागेत चारी बाजूंना पाहिलं. कुंपणाचा जो भाग कापायचा राहिला होता त्याला हात लावायची तिची छाती होईना, त्यात आणखी कोणाचं घर असलं तर? मग तिची नजर हत्तीवर गेली. मेंदीचा तो हत्ती, सोंड वर केलेला, ज्याच्यासाठी राजाने कित्येक उन्हाळे घालवले होते. रोज त्याच्यावरून राजाचा हात फिरे, त्यात घरटं असतं तर त्याला पहिल्यांदा कळलं असतं. तरी तिने आधी पानं बाजूला सारून आत सगळीकडे नीट पाहिलं. मग मुदपाकखान्यातून कोयता मागवला.

"देवी!" राजा म्हणाला. "तो हत्ती आहे!"

"ती मुलगी आहे," राणी म्हणाली आणि दाईच्या हातांतल्या लेकीकडे बोट केलं. लेक आता रडतही नव्हती. तोंड उघडं होतं, ओठांना भेगा पडल्या होत्या.

राजा पुढे झाला, राणीच्या हातातून कोयता घेतला आणि हत्तीची सोंड स्वतः उतरवली. मग कान उतरवले. पानांनी भरलेल्या त्या फांद्या राणीने कुंपणात खोचल्या, जित्या फांद्यांना दोऱ्याने बांधल्या, एकीवर एक, घरट्यावर गर्द सावली होईपर्यंत. भिंतीच्या बाजूला पक्ष्याला आत शिरता येईल एवढी वाट मोकळी ठेवली. मग हात आत घालून पाहिलं. गार लागलं. आपल्या लेकीसाठी तिला सकाळपासून एवढीही गार जागा मिळाली नव्हती.

तिसरी गोष्ट, जा. ही ऐकायला सगळ्यांत सोपी होती आणि त्या राज्याला तीच सगळ्यांत कठीण गेली.

"सगळ्यांनी बागेबाहेर व्हा," राणी म्हणाली.

कोणी हलेना. प्रधान म्हणाले, शाप सुटताना राजघराण्याचं माणूस साक्षीला हवं. सेनापतीने विचारलं, मांजर वगैरे आलं तर? राणी म्हणाली, राजवाड्यातली सगळी मांजरं कोंडून घाला, ते काम तुमचं. मायादत्त म्हणाला, आपण फक्त एक धूप लावतो, पक्षी धुपाने आकर्षित होतात. वाजंत्रीवाले आले होते, त्यांना बुलबुलिणीच्या पुनरागमनाचा चौघडा वाजवायचा होता. राजाला तर तिच्यासमोर उभं राहून क्षमा मागायची होती, त्याने मनात भाषणही रचलं होतं.

"आणि कुंपण?" पुरोहित म्हणाले. "कात्री अजून उघडी आहे. मुहूर्त टळेल. निदान पलीकडच्या बाजूने हळूच—"

राणी गवतात पडलेल्या कात्रीपाशी गेली. पाती उघडीच होती, उन्हात लखलखत होती. तिने ती उचलली आणि दोन्ही हातांनी दाबून मिटली. घराण्यात असं कोणी केलं नव्हतं. आकाश कोसळलं नाही, जमीन फाटली नाही. कात्रीने एक सुस्कारा टाकला आणि ती झोपी गेली.

"पिल्लं उडून जाईपर्यंत हे कुंपण अर्धंच राहील," राणी म्हणाली. "अशुभ व्हायचं ते कापण्याने झालं आहे. निघा."

तिने एकेकाला बाहेर काढलं. प्रधानांना दंडाला धरून, वाजंत्रीवाल्यांना नुसत्या नजरेने. मायादत्ताच्या पालखीला तिने स्वतः धक्का दिला. शेवटी बागेचं दार लावून घेतलं, दाईकडून लेक परत घेतली आणि त्या दाराला पाठ लावून ती भर उन्हात उभी राहिली, लेकीला कवटाळून. दाराला फटी होत्या. तिने त्यातून पाहिलं नाही. कोणाला पाहू दिलं नाही.

वेळ गेला. ऊन हलत नव्हतं. आत काहीच आवाज नव्हता. लेकीचा श्वास छातीशी लागत होता, उथळ आणि भराभर. राणीच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. हात फार वेळ लागला असेल का? सोन्याच्या पिंजऱ्याचा वास लागला असेल का? मांत्रिकाचं खरं निघालं तर?

"येणार नाही," मायादत्त पुटपुटला. "सांगितलं होतं. बाटलेली."

राजाला ते सहन झालं नाही. "मी फक्त पाहून येतो," तो म्हणाला आणि दाराकडे आला. "एक क्षण. चवड्यांवर जाईन."

"महाराज," राणी म्हणाली, "आपण पुढे आलात तर ती येणार नाही. ती आली नाही तर आपली लेक जगणार नाही. आता आपणच ठरवा, आपल्याला काय पाहायचं आहे."

राजा थांबला. मग तो मागे सरला. एक पाऊल, दोन पावलं, भिंत पाठीला लागेपर्यंत. तिथे तो खाली बसला आणि त्याने हातांनी तोंड झाकलं. सकाळी दोन पावलं सरला असता तर! राणीला ते बोलायचं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. तिने गिळलं, कारण मोठ्याने बोललेलंही आत ऐकू गेलं असतं.

आणि मग लेकीच्या कपाळावर काहीतरी काळं हललं. राणीला वाटलं माशी बसली. तिने हात उचलला, तर ते काळं मोठं झालं. हात खाली घेतला, तर लहान झालं. ती तिच्याच हाताची सावली होती.

राणीने लेकीवर मान वाकवली. सगळं डोकं वाकवलं, मोकळे झालेले केस वाकवले, आणि लेकीचा चेहरा पूर्ण सावलीत गेला. लेकीने डोळे उघडले, आईकडे पाहिलं, आणि दुधासाठी तोंड वळवलं. राणी तिथेच, दाराशी, मातीत बसली आणि तिला पाजू लागली. कोणी बघत होतं की नाही याचं तिला भान नव्हतं. ती रडत होती आणि रागाने रडत होती, कारण हे सगळं किती साधं होतं!

मागे राजवाड्याची छतं एकेक करून खाली आली आणि आपापल्या भिंतींवर बसली. देवघराचा कळस जागेवर सरकला. वडाने फांद्या पसरल्या. चौघडा वाजला नाही, राणीने डोळे वटारून बघितलं होतं.

बारसं दुसऱ्या दिवशी झालं. बागेत नाही, आतल्या चौकात, आणि गोविंद घ्या गोपाळ घ्या हलक्या आवाजात म्हटलं गेलं. मुलीचं नाव मृदुला ठेवलं. पुढे यथावकाश तिचं कान टोचणं झालं, ती पालथी पडायला लागली, तिचं नशीब वाकडं झाल्याचं कोणाच्या पाहण्यात आलं नाही. मायादत्ताने रागाने राज्य सोडलं आणि राज्याचं काही अडलं नाही. कुंपण एका बाजूला सुरीसारखं सरळ आणि दुसऱ्या बाजूला झिंज्या सुटल्यासारखं राहिलं. परदेशचे राजे येत, ते पाहून हसू दाबत, आणि बिनसोंडेच्या हत्तीबद्दल काहीच विचारत नसत. राजा मान खाली घालून उभा राही. बागेच्या दाराला मात्र कुलूप होतं.

पिल्लांना मात्र पंधरवड्यातच पिसं आली. एके सकाळी ती कुंपणाच्या टोकावर बसली, एकमेकांना ढकलू लागली, आणि उडून गेली. तेव्हा बुलबुलीण प्रथमच स्वतः होऊन सज्जात आली. राजा लगबगीने उठला. इतके दिवस तो याच क्षणाची वाट पाहत होता. त्याने हात जोडले.

"पक्षिणी, माझ्याकडून अपराध झाला. तू मला क्षमा केलीस का?"

"ते सवडीने बघू," बुलबुलीण म्हणाली. "एवढ्यात वेळ नाही. पाऊस यायच्या आत दुसरं घरटं करायचं आहे."

"या राज्यातलं कोणतंही झाड तुझं," राजा म्हणाला. "तिथे मी पहारा बसवीन. कात्री फिरकू देणार नाही. फक्त सांग, घरटं कुठे करणार आहेस?"

बुलबुलिणीने त्याच्याकडे एका डोळ्याने पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं.

"तुला सांगणार नाही," ती म्हणाली, आणि उडून गेली.

झालं! ती कुठे गेली हे राजाला कळेना, प्रधानाला कळेना, माळ्यांना कळेना. राजबागेत असेल, शेताच्या बांधावर असेल, एखाद्या गरिबाच्या परसातल्या जास्वंदीत असेल. कोणतं कुंपण तिचं हे ठाऊक नाही म्हटल्यावर सगळीच कुंपणं तिची झाली. तेव्हापासून त्या राज्यात कोणीही, राजा असो की माळी, फांदीला हात लावण्यापूर्वी पानं हलकेच बाजूला सारून आत वाकून बघू लागला, आणि आत काही दिसलं की कात्री मिटून मागच्या पावली घरी जाऊ लागला.

राणी सुभगाने मात्र दुसऱ्याच दिवशी खिडकीतून पाहिलं होतं. चोचीत गवताची काडी धरून बुलबुलीण कुठे शिरली ते तिला अगदी स्पष्ट दिसलं. तिने खिडकी लावून घेतली, लेकीला मांडीवर घेतलं, आणि राजाने कितीदाही विचारलं तरी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.